बंद पडलेलं जीन्सचं लेबल नागपुरात पुन्हा उभं करताना

वडिलांनी, काकांनी किंवा आजोबांच्या भागीदाराने ऐंशीच्या दशकात इतवारीत किंवा महालात चार-सहा मशिनी टाकून जीन्सचं लेबल चालवलं, मग ते बंद पडलं. आता घरात उरलंय ते एवढंच: विणलेल्या लेबलांची गड्डी, पितळी बटणांचा डबा, एखादं बिलबुक. आणि पुढच्या पिढीतल्या कोणाच्या तरी मनात ते परत सुरू करायचं आहे. हा लेख त्यांच्यासाठी. दुसऱ्याचं बंद लेबल विकत घेऊन उभं करायचं असेल तरी क्रम हाच राहतो.

माझं ठाम मत आधीच सांगतो. जुन्या लेबलात सगळ्यात मोलाचा असतो त्याचा कट. गिऱ्हाईक परत यायचं ते पँट कमरेत आणि मांडीत जशी बसायची त्यासाठी. नाव त्या बसण्याची खूण होतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा जुन्या पँटवरून फर्मा, म्हणजे कापड कापायचा साचा, काढण्याला दिली आहे. पण त्याच्याही आधी कागद बघायचे, कारण नाव आपलं नाही हे माल शिवून झाल्यावर कळलं तर सगळंच गेलं.

नाव नक्की कोणाचं?

पहिलं काम म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधणं. तो शोध फुकट आहे. कपड्यांसाठी वर्ग २५ बघायचा, शिवाय दुकानासाठी ३५ आणि कापडासाठी २४. नाव जसंच्या तसं टाकून थांबू नका. उच्चाराने जवळची नावंही तपासा, कारण हरकत तिथूनच येते.

नोंदणी सापडली तर तारीख बघा. १९९९चा ट्रेडमार्क कायदा १५ सप्टेंबर २००३पासून लागू झाला आणि त्यात नूतनीकरणाची मुदत १० वर्षं आहे. त्याआधी १९५८च्या कायद्याखाली ती ७ वर्षं होती. मुदत संपल्यावर ६ महिन्यांपर्यंत जादा शुल्क भरून नूतनीकरण होतं आणि त्यापुढे, मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत, नोंद पुन्हा जिवंत करून घेता येते. तोही काळ उलटला असेल तर नवा अर्ज करावा लागतो. नोंद कागदावर जिवंत असली तरी निश्चिंत राहू नका. कलम ४७प्रमाणे सलग पाच वर्षांहून जास्त काळ खरा वापर नसेल, तर ज्याचं हित अडतं असा कोणीही ती काढून टाकायचा अर्ज करू शकतो.

नवा अर्ज करताना एक प्रश्न येतो: हे चिन्ह कधीपासून वापरात आहे? इथे बरेच जण अभिमानाने १९८४ की काय ते साल टाकून मोकळे होतात. जुना वापर दाखवायचा तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. मधली वीस वर्षं एकही पँट विकली नसेल, तर 'अखंड वापर' असं लिहिणं खोटं ठरतं आणि पुढे तेच अंगाशी येतं. सरळ 'वापरण्याचा प्रस्ताव' म्हणून अर्ज करा. जुनी बिलं, जाहिरातींची कात्रणं, दुकानाचे फोटो मात्र जपून फाइल करा, हरकत आलीच तर ते कामाला येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. म्हणून उद्यम नोंदणी आधी, अर्ज नंतर. अर्ज जर्नलमध्ये छापून आला की हरकतीसाठी चार महिने असतात.

धंदा भागीदारीत होता का, हे विचारायला घरात संकोच वाटतो. तरीही विचाराच. फर्म मोडली तेव्हा नावाचं काय झालं, हे भागीदारीपत्रात किंवा विसर्जनाच्या करारात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नाव आणि त्याची साख ही सगळ्या भागीदारांची मालमत्ता, म्हणजे आज त्यांच्या वारसांची. दुसऱ्या भागीदाराच्या मुलांकडे स्वतः जाऊन बसा, चहा घ्या आणि हस्तांतरणाचा लेखी करार करून घ्या. नोंदणी जिवंत असेल तर तो करार रजिस्ट्रीत नोंदवून घ्यावा लागतो. 'ते काही म्हणणार नाहीत' या भरवशावर राहू नका. धंदा चालायला लागला की म्हणणारे उभे राहतातच.

आणखी एक गोष्ट जुन्या पँटा हातात आल्यावर दिसेल. त्या काळात मागच्या खिशावर दुहेरी कमानीची शिलाई आणि खिशाच्या कडेला बाहेर डोकावणारी छोटी कापडी पट्टी सर्रास लावली जायची. ही दोन्ही लेव्हाईसची नोंदलेली चिन्हं आहेत. ती परत आणू नका. रिवेटला, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकतात त्या धातूच्या खिळ्याला, अडचण नाही. जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी मिळालेलं रिवेटचं पेटंट १८९० सालीच संपलं. खिशावर स्वतःची खूण हवी असेल तर तुमच्याच जुन्या विणलेल्या लेबलात एखादी रेष, एखादं अक्षराचं वळण सापडतं का ते बघा.

जुन्या पँटा आणि जुनी माणसं

फर्मा काढायला किमान पाच-सहा जुन्या पँटा लागतात आणि त्या वेगवेगळ्या मापाच्या हव्यात. सीताबर्डी, सदर, गांधीबाग इथल्या ज्या दुकानांत तुमचा माल जायचा त्यांची नावं बिलबुकात असतील. त्या दुकानांत जा. मालक बदलले असतील, पण गोदामाच्या वरच्या फळीवर न विकलेला जुना माल पडून असतो. तसा न धुतलेला पीस मिळाला तर त्याला सोन्यासारखं जपा, कारण पँट शिवल्या दिवशीचं माप फक्त त्याच्यावरच मिळतं. बाकीच्या पँटा नातेवाइकांकडून, जुन्या गिऱ्हाइकांकडून येतील. 'जुनी आणा, पहिल्या मालातली नवी घेऊन जा' असं सांगितलं की येतात.

माणसं त्याहून महत्त्वाची. कटिंग मास्टर हयात असतील तर पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. पुठ्ठ्याचे फर्मे कारखाना बंद होताना मास्टर घरी नेतात, मालकाला ठाऊकही नसतं. फर्मे मिळाले तर त्यांच्या कडा झिजल्यात का ते तपासा. वर्षानुवर्षं खडू फिरून कड पाव इंचही आत गेलेली असू शकते. मास्टरांना तीन प्रश्न हमखास विचारा: कापड कुठून यायचं, फर्म्यात आटण्यासाठी किती सोडायचे आणि कोणत्या मापावर सगळ्यात जास्त तक्रारी यायच्या. त्यांचा वेळ घेताय तर मोबदला द्या, आणि पुढे माहितीपत्रकात त्यांचं नाव छापायचं असेल तर त्यांना विचारून छापा.

नव्वदच्या दशकात अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' हा न शिवलेल्या जीन्सचा संच बाजारात आणला होता. कापड, चेन, बटण आणि रिवेट एकत्र मिळायचं, शिलाई गल्लीतल्या टेलरकडून करून घ्यायची. त्यामुळे जीन्स शिवायचा हात गावोगावच्या टेलरांना बसला. जुने कारीगर शोधताना कारखान्यांपुरतं थांबू नका, असे टेलरही विचारात घ्या.

पँटवरून फर्मा

आलेल्या सगळ्या पँटा आधी एकदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत आडव्या वाळवा. वापरलेली पँट गुडघ्यात फुगलेली आणि कमरेत सैल झालेली असते, धुतल्यावर ती थोडी जागेवर येते. मग सपाट टेबलावर ठेवून मापं घ्या: कंबर, पुढची बैठक, मागची बैठक (पायांच्या जोडापासून कमरेपर्यंतचं माप, पुढून आणि मागून), मांडी, गुडघा, मोरी (पायाचं खालचं तोंड) आणि आतली लांबी. मांडीचं माप पायांच्या जोडापासून एक इंच खाली घ्यायचं. गुडघ्याचं माप आतल्या लांबीच्या निम्म्यापासून दोन इंच वर. प्रत्येक वेळी त्याच जागी घ्या, नाहीतर दोन पँटांची तुलना होणारच नाही. बैठकीची मापं कमरपट्टीसह की कमरपट्टीशिवाय, हेही लिहून ठेवा.

आता एक पँट उसवायची. मन धजत नाही, पण दुसरा मार्ग नाही. दोन सारख्या असतील तर एक ठेवा, एक उसवा. प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची दिशा खडूने आखा, मगच टाके काढा. उसवल्यावर शिवणीची घडी वाफेच्या इस्त्रीने उघडा, पण कापड ओढू नका. तुकडा कागदावर टाचून कडेने छाप घ्या. शिवणीसाठी किती कापड सोडलं होतं ते घडीच्या रंगावरून कळतं, आतली पट्टी गडद निळी राहिलेली असते. मागच्या बैठकीचा तिरपा उतार आणि मागे कमरेखालच्या जोडपट्टीचा कोन सगळ्यात जपून उतरवा. पँट मागून कशी दिसते आणि बसल्यावर कंबर खाली सरकते की नाही, हे त्या दोन रेषा ठरवतात.

मिळालेला कागद म्हणजे धुऊन आटलेल्या पँटचा नकाशा. तसाच कापला तर नवी पँट पहिल्या धुण्यात लहान होईल. इथे हिशेब सोपा आहे. हवं असलेलं शेवटचं माप घ्या आणि आटल्यावर कापड जेवढं उरतं त्या भागाने भागा. समजा आतली लांबी ३२ इंच हवी आणि कापड उभ्या बाजूने ३ टक्के आटतं. ३२ भागिले ०.९७, म्हणजे फर्म्यात जवळपास ३३ इंच. आडव्या बाजूने वेगळा हिशेब. मांडी २४ इंच हवी आणि साधं सुती कापड आडवं २ टक्के आटत असेल तर फर्म्यात साडेचोवीस. तेच लायक्रा (ताणणारा धागा) घातलेलं कापड घेतलं आणि ते आडवं १२ टक्के आटलं, तर २४ भागिले ०.८८, म्हणजे सव्वासत्तावीस इंच. ऐंशीच्या दशकातला फर्मा आजच्या ताणाच्या कापडावर जसाच्या तसा ठेवला की मांडीत बसत नाही, याचं कारण हेच.

आटण्याचा आकडा गिरणीच्या कागदावरून घेऊ नका, स्वतः काढा. कापडाच्या दोन्ही कडांपासून आत ५० सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखा. पँट जशी धुतली जाणार तशी तीनदा धुवा आणि वाळवा, मग मोजा. उभं ४८.५ भरलं तर ३ टक्के. चौकोन तिरका झालाय का तेही बघा. डेनिमच्या तिरप्या रेघांच्या विणीत, म्हणजे ट्विलमध्ये, तिरकस ओढ असते. ती गिरणीत नीट बसवलेली नसेल तर धुतल्यावर पँटची बाहेरची शिवण फिरून पुढे येते. असं कापड कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

पहिला नमुना शिवून झाला की तो माणसाच्या अंगावर घाला आणि त्याला नुसतं आरशासमोर उभं करू नका. जमिनीवर मांडी घालून बसवा. गाडीवर बसवा. वाकायला लावा. आपल्याकडे माणूस जेवायला, पूजेला, गप्पांना खाली बसतो, आणि मागची बैठक अर्धा इंच कमी असली की तिथे पहिल्यांदा कळतं. 'कंबर बरोबर आहे, पण मांडीत ओढून राहिली' असं कोणी म्हटलं की कंबरेला हात लावू नका. पायांच्या जोडाचा वळसा आधी बघा, दोष बहुधा तिथे असतो. वेगवेगळ्या बांध्याच्या दहा जणांवर तरी घालून बघा. त्यात बायकाही असू द्या. जुनं लेबल पुरुषांचं असलं तरी आज मुली तो सैल, उंच कमरेचा कट मागतात. त्यांच्यासाठी कंबर आणि बैठक यांचं प्रमाण वेगळं धरावं लागेल. नुसतं लहान माप काढून भागत नाही.

मापाच्या पट्टीवर ३२ लिहिलं तर कंबर खरोखर ३२ इंच भरू द्या. आजच्या बाजारात ३२चं लेबल लावून ३४ देण्याची रीत पडली आहे, पण जुनं गिऱ्हाईक जुना आकडा लक्षात ठेवून येतं.

कापड

डेनिमचं वजन औंसात सांगतात, एक औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३४ ग्रॅम. १४ औंसाचं कापड ४७५ ग्रॅमच्या आसपास जातं, १० औंसाचं ३४०. जुन्या जीन्सच्या प्रेमापोटी १४ औंसाकडे मन ओढतं, पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. माझ्या मते मुख्य माल ९ ते साडेदहा औंसाचा ठेवावा आणि हिवाळ्यासाठी, हौशी गिऱ्हाइकासाठी १३-१४ औंसाची थोडी तुकडी वेगळी काढावी.

जुन्या पँटसारखं उतरणारं निळं हवं असेल तर दोन गोष्टी विचारून घ्या: सूत रिंगवर कातलेलं आहे का, आणि उभा धागा दोरखंडाच्या पद्धतीने नीळ चढवलेला आहे का. रिंगच्या सुताला किंचित उंचसखलपणा असतो, त्यामुळे पँट घासली की रंग रेघारेघांनी उतरतो. दोरखंडाच्या रंगाईत नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, आत पांढरं राहतं. वरचा थर झिजला की ते पांढरं दिसायला लागतं, आणि ज्याला आपण जीन्स जुनी होणं म्हणतो ते हेच. ओल्या आणि कोरड्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून बघा. थोडी नीळ लागणारच, पण फडकं गडद झालं तर गिऱ्हाइकाच्या गाडीची सीट आणि बूट दोन्ही निळे होतील.

विदर्भात डेनिम दूर नाही. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचा मोठा कारखाना आहे आणि अहमदाबाद तर या कापडाचं माहेरच. पण गिरणीकडून थेट घ्यायचं तर मोठी मागणी लागते. पहिल्या तुकडीसाठी ठोक व्यापाऱ्याकडून एकाच लॉटचे ताके घ्या. प्रत्येक ताक्याचा तुकडा कापून एकत्र धुवा आणि छटा जुळवून गट पाडा. एका पँटचा एक पाय एका ताक्याचा, दुसरा दुसऱ्याचा असं होऊ देऊ नका. लायक्राचं कापड कापण्याआधी एक दिवस उलगडून मोकळं पडू द्या. पक्क्या अहवालाची गरज लागली तर मुंबईत बीटीआरए आणि अहमदाबादला अटिरा या कापडाच्या जुन्या संशोधन संस्था आहेत.

शिलाई आणि धुलाई

सगळ्या मशिनी विकत घेऊ नका. जड कापडाची साधी मशीन आणि ओव्हरलॉक घरात असावी. फीड ऑफ द आर्म मशीनवरची दुहेरी दाबशिवण, ताण येतो तिथला पक्का टाका (बारटॅक), काजं आणि मोरीचा साखळीटाका (चेनस्टिच) ही कामं सुरुवातीला बाहेर जॉब वर्कवर द्या, चालान करून आणि पीसचा दर लेखी ठरवून. सुई १६ ते १८ नंबरची, वरच्या शिलाईला इंचात सात-आठ टाके. त्याहून बारीक टाके घातले की कापडाला भोकांची ओळ पडते आणि तिथेच ते फाटतं. चार शिवणी जिथे मिळतात ती जाड जागा सुईखाली नेण्याआधी हातोडीने ठोकून बसवा, नाहीतर सुई तुटते आणि टाका सुटतो. दोरा गाभ्यात पॉलिस्टर असलेला घ्या. नुसता सुती दोरा कापडाबरोबर छान उतरतो, पण बैठकीत टिकत नाही.

धुलाईबद्दल मी आग्रही आहे. पहिली तुकडी न धुतलेली किंवा नुसत्या पाण्यातून काढलेली विका. फार तर एन्झाइमची हलकी धुलाई, तीही सांडपाणी प्रक्रियेची सोय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या युनिटमध्येच. ती संमती कागदावर बघा. नागपूरच्या नाल्यांत सोडलेलं पाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. त्या पाण्यावर शेती करणारी आणि मासे धरणारी माणसं आपल्याच विदर्भातली आहेत. वाळूच्या फवाऱ्याने जीन्स जुनी करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. त्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. तुर्कस्तानने २००९ साली ही पद्धत बंद केली, ती कामगारांचे जीव गेल्यावर.

किती शिवायच्या, केवढ्याला विकायच्या

पहिली तुकडी १२० पँटांची धरा. २८ आणि ३८च्या दहा-दहा, ३० आणि ३६च्या वीस-वीस, ३२ आणि ३४च्या तीस-तीस. रुंद पन्ह्याचं कापड पँटला सव्वा मीटर धरलं तर १५० मीटर लागतं.

किंमत ठरवताना जीएसटीची रेषा लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के कर आहे, त्यावर १८. म्हणजे करापूर्वी २,५०० ठेवलं तर गिऱ्हाइकाला २,६२५ला पडते. तुम्ही शंभर रुपये वाढवून २,६०० केलं की तीच पँट ३,०६८ला जाते. तुमच्या हाती शंभर, गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३. एक तर रेषेच्या आत राहा, नाहीतर जाड कापडाची, हाताने जास्त काम केलेली पँट इतकी वर ठेवा की फरक दिसून येईल. दुकानदाराचा नफा, उधारीचे दिवस आणि परत येणारा माल धरूनच किंमत काढा.

काय सांगून विकायचं

नागपूरला कापडाचा इतिहास मोठा आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि भारतात रिंगवर सूत कातण्याचे पहिले प्रयोग जिथे झाले त्यांत ती होती. २००२ साली ती बंद पडली, त्या जागेवर आज मॉल आहे. हे सांगण्याचा मोह होईल. पण तुमच्या लेबलचा त्या गिरणीशी संबंध दाखवणारं बिल तुमच्याकडे नसेल तर तिचा फोटो आपल्या पँटशेजारी लावू नका. 'विदर्भाच्या कापसाची' असंही गिरणीने गाठींचा माग लेखी दिल्याशिवाय लिहू नका, कारण कताईत ठिकठिकाणच्या गाठी मिसळतात. लेबलवर 'सुरुवात १९८४, बंद २००१, पुन्हा २०२६' असं, जे खरं साल असेल ते टाकून, स्पष्ट लिहा. बंद पडल्याचं साल लपवू नका. गिऱ्हाइकाला ते वाचायला आवडतं, आणि ज्याने जुनी पँट घातली होती त्याला ते माहीतच असतं.

दाखवायला तुमच्याकडे खऱ्या वस्तू आहेत: जुना फर्मा, उसवलेली पँट, बिलबुक, मास्टरांचा हात. सुरुवातीला धरमपेठेत किंवा सदरमध्ये एखाद्या दुकानात एक रॅक मिळवा आणि आठवड्यातून एक दिवस तिथे स्वतः उभे राहा. मोरी तिथेच माणसाच्या उंचीला बेतून द्या, दुरुस्ती वर्षभर फुकट ठेवा. दिवाळीचा माल दसऱ्याआधी रॅकवर लागला पाहिजे, म्हणजे कापड उन्हाळा संपता संपताच घेऊन ठेवावं लागतं.

परत आलेली प्रत्येक पँट वहीत लिहा: माप, ताक्याचा नंबर, तक्रार, आणि शक्य असेल तर गिऱ्हाइकाच्या मांडीचं माप. तीस-चाळीस नोंदी झाल्या की त्या मापांनुसार लावून बघा. ३६ आणि ३८मध्येच मांडीची तक्रार येत असेल तर मूळ फर्मा बरोबर आहे, मोठी मापं काढताना मांडी कमी वाढवली गेली आहे. तेवढंच सुधारा, पुन्हा एक नमुना शिवून त्याच गिऱ्हाइकांना घालायला द्या आणि मगच दुसऱ्या तुकडीच्या कापडाला कात्री लावा.